मटणासाठी शेळ्यांची पैदास : कोकणातल्या शेळीपालकांचे नेहमीचे प्रश्न

मे महिना लागला की माझा फोन वाजायला लागतो. मुंबईहून चाकरमानी गावी आलेला असतो, पडवीत बसून त्याने शेळीपालनाचा हिशोब मांडलेला असतो आणि पहिला प्रश्न ठरलेला : "सगळ्यात मोठो बोकड खंय गावतलो?" कुडाळ तालुक्यात आमचा चाळीसेक शेळ्यांचा वाडा आहे. मी डॉक्टर नाही, वही लिहिणारा शेळीवाला आहे. तीच तीच उत्तरं देऊन घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

मटणासाठी पाळायची तर वजन हाच एक गुण बघायचा ना?

नाही. गिऱ्हाईक वजनाचे पैसे देतं हे खरं, पण वजन बोकडातून येत नाही, शेळीतून येतं. माझ्या वहीतल्या दोन शेळ्या सांगतो. एकीला एकच करडू झालं, तीन महिन्यांचं झालं तेव्हा १३ किलो भरलं. बघणारा प्रत्येक जण त्याच्याच पाठीवर हात फिरवायचा. दुसरीला जुळी, प्रत्येकी ९ किलो. दिसायला किरकोळ, पण बेरीज १८. शिवाय ही दुसरी आठ महिन्यांनी पुन्हा व्याली, पहिलीला वर्ष लागलं. म्हणजे दोन वर्षांत एकीची दोन करडं, दुसरीची सहा. आता मोठी शेळी कोणती ते तुम्हीच ठरवा.

म्हणून आम्ही शेळीचं वजन मोजत नाही. एका शेळीने वर्षात एकूण किती किलो करडं दूध तोडण्यापर्यंत जगवली, ते मोजतो. या एका आकड्यात गाभण राहणं, जुळं होणं, दूध, आईपण, करडाची वाढ आणि जगणं, सगळं येतं.

मग कुठले गुण धरायचे, आणि कुठल्या क्रमाने?

माझा क्रम असा : पावसात टिकणं, वेळेवर माजावर येणं, जुळी देऊन ती वाढवणं, पाय आणि खुरं, आणि त्यानंतर वाढीचा वेग. रंगरूप शेवटी.

घाटावरचा माणूस हा क्रम वेगळा लावेल आणि त्याचंही बरोबर असेल. आमच्याकडे वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. चार महिने जमीन ओली, गवतावर जंत, खुरांत चिखल. इथे जे जनावर सप्टेंबरात हाडं न दाखवता उभं असतं, त्याच्याच वाढीला अर्थ आहे.

सगळेच गुण एकदम का सुधारता येत नाहीत?

दोन कारणं आहेत. पहिलं साधं गणित. तुम्ही एकाच गुणावर निवड केलीत तर त्या गुणात जी प्रगती होईल, ती चार गुण एकदम धरलेत तर प्रत्येकात साधारण निम्मीच होते. नऊ गुण धरलेत तर एक तृतीयांश. यादी लांबवाल तितकी निवड पातळ होते. शिंगांचा बाक, दाढी, गळ्यातल्या लोलक्या असलं काही यादीत घुसवलंत की त्याची किंमत दुधाने आणि वाढीने मोजावी लागते.

दुसरं कारण असं की काही गुण एकमेकांचे पाय ओढतात. झपाट्याने वाढणाऱ्या बोकडाची करडं जन्मतानाच मोठी असतात, मग पहिलटकरीण पाट, म्हणजे तरुण शेळी, विताना अडते. मोठी झालेली जात वर्षभर खातेही जास्त. फार दुधाळ शेळी सगळं अंगावरचं दुधात घालते, आटून जाते आणि लवकर माजावर येत नाही.

वर प्रत्येक गुण सारख्या प्रमाणात पोरांत उतरत नाही. रुपयाच्या हिशोबात सांगतो. दोन शेळ्यांच्या वाढीत जो फरक दिसतो, त्यातला रुपयामागे चार-पाच आणे रक्ताचा असतो, बाकी चारा, आईचं दूध, नशीब. जुळं होण्याच्या बाबतीत रक्ताचा वाटा जेमतेम दीड आणा. म्हणून बोकडाची वाढ त्याच्या अंगावरून बऱ्यापैकी कळते, पण जुळ्याचा गुण एका वेतावरून कळत नाही. त्यासाठी त्याच्या आईची तीन-चार वेतं बघावी लागतात, आजीची मिळाली तर उत्तम.

परदेशात मांसाच्या गाईगुरांची पैदास शास्त्रशुद्ध होते म्हणतात. त्यातून आपल्याला काय घेता येईल?

त्यांचं यश घ्याच, पण त्यांच्या चुका जास्त शिकवतात.

अमेरिकेत १९४० च्या दशकात प्रदर्शनांत हिअरफर्ड जातीचे आखूड पायांचे, ठेंगणे, गोळीबंद बैल बक्षिसं मिळवायला लागले. सगळ्यांनी तेच बैल वापरले. त्या ठेंगणेपणाच्या आड बुटकेपणाचा एक लपलेला दोष होता. तो एका बाजूने आला तर जनावर नुसतं सुबक, आटोपशीर दिसतं. दोन्ही बाजूंनी आला की वासरू खुजं, पोट सुटलेलं, धापा टाकणारं, कामातून गेलेलं. पन्नाशीच्या दशकात अशी वासरं इतकी जन्मली की नावाजलेली घराणी लोकांनी मोडीत काढली. मग लंबक उलटा गेला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत उंचच उंच बैलांची हौस आली, आणि त्या धिप्पाड गाई चाऱ्याला महाग पडल्या, अडायलाही लागल्या.

बेल्जियन ब्लू जातीची गोष्ट त्याहून टोकाची. तिच्या एका जनुकात असा बदल आहे की स्नायूंच्या वाढीवरचा लगामच सुटतो. मांस भरपूर, पण बहुतेक गाईंचं पोट फाडून वासरू काढावं लागतं. डॉक्टर दारात उभा असलेल्या देशात ते परवडतं. आमच्याकडे रात्री अकराला शेळी अडली तर तालुक्याच्या गावाहून डॉक्टर यायला सकाळ होते.

चांगलं उदाहरणही त्यांचंच, अर्धं आपलं. उष्ण, गोचिडांच्या मुलखात युरोपातली गुरं टिकेनात तेव्हा अमेरिकनांनी भारतातून गेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णा खोऱ्यातल्या गुरांपासून ब्राह्मन जात उभी केली. पुढे टेक्सासात शॉर्टहॉर्नशी तिचा संकर करून सांता गर्ट्रुडिस घडवली. ब्राह्मनचं रक्त आठात तीन भाग. मांस त्यांचं, तग आपली.

आणि एक हिशोबाची पद्धत. १९४३ साली हेझल नावाच्या अमेरिकन संशोधकाने असं मांडलं की प्रत्येक गुणाला त्याच्या पैशातल्या किमतीप्रमाणे आणि तो किती उतरतो त्याप्रमाणे गुण द्यायचे, बेरीज करायची आणि बेरजेवर जनावर निवडायचं. म्हणजे एका विषयात थोडं कमी असलेलं जनावर बाकीच्यात भरून काढतं. आमच्या वहीत हेच आहे, फक्त बेरीज पेन्सिलीने होते.

आपल्याकडे गाईबैलांची मांसासाठी पैदास का होत नाही?

महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, आणि २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. इथली गाय म्हणजे कोकण कपिला : लहान चणीची, काटक, डोंगरउतारावर चरणारी, लहानशा शेतात नांगर ओढणारे बैल देणारी. तिची पैदास करायची तर दूध, कष्ट आणि काटकपणा यांचा तोल साधायचा. तो वेगळा विषय. आमचं मांसाचं जनावर शेळीच.

बोअर आणू का?

हा प्रश्न मे महिन्यातला दुसरा. बोअर दक्षिण आफ्रिकेची, तांबड्या डोक्याची, पांढऱ्या अंगाची. तिचा पुरा वाढलेला नर शंभर किलोच्या पुढे जातो. कोरड्या हवेत आणि भरल्या गव्हाणीवर तिला तोड नाही. पण अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या दमट हवेत, चराऊ पद्धतीवर बोअर, किको आणि स्पॅनिश शेळ्या शेजारीशेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा बोअर माद्या टिकण्यात आणि करडं वाढवण्यात मागे पडल्या. किको ही न्यूझीलंडची जात, रानटी झालेल्या शेळ्यांतून लाड न करता निवडलेली. फरक तिथेच पडला.

मी स्वतः एकदा घाटावरून अर्धा बोअर बोकड आणला. विकणाऱ्याने वजन खरं सांगितलं, बाकी काही सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो गुडघे टेकून चरायला लागला. पुढचे दोन्ही खूर उचलून पाहिले तर बोटांच्या फटीतलं कातडं पांढरं पडून सुटलेलं, वास असा की हात दोनदा धुवावे लागले. त्याची करडं देखणी झाली खरी, पण दोन पाटी अडल्या आणि त्यातली एक गेली.

तरी मी सरसकट नाही म्हणत नाही. असा बोकड वापरायचाच असेल तर तीन-चार वेतं झालेल्या थोराड शेळ्यांवरच वापरा, पहिलटकरणीवर नको. आणि त्याची सगळी पैदास विकून टाका, माद्यासुद्धा. त्या दिसतात छान, मोह होतो, पण त्या वाड्यात ठेवल्यात की पाच वर्षांत तुमचा कळप घाटावरचा होतो आणि पाऊस मात्र कोकणातलाच राहतो.

आपली कोकण कन्याळ ओळखायची कशी?

काळं अंग, तोंडावर नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरे पट्टे, काळे लोंबते कान आणि कानांना पांढरी किनार. पाय लांब, काळेपांढरे. नर पन्नास किलोच्या आसपास, मादी तिशीच्या थोडी वर. सिंधुदुर्गाचीच ही जात, राष्ट्रीय पातळीवर तिची नोंदणी झालेली आहे आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या निळेली इथल्या केंद्रात तिच्यावर काम चालतं. तिचे लांब, कमी केसांचे पाय करवंदीच्या जाळीतून आणि ओल्या सड्यावरून, म्हणजे कातळावरून, चालायला बरे पडतात.

पट्टे नीट नाहीत म्हणून चांगली शेळी काढू नका. आमच्या वाडीत एकाने शुद्ध रंगाच्या नादात दरवर्षी जुळी देणारी भुरकट शेळी विकली. ती आता शेजारच्या गावात जुळी देते आहे.

बोकड समोर उभा केला, आता बघायचं काय?

घाई नको. आधी लांबून चालताना बघा. मागचे पाय घोट्यात एकमेकांना घासतात का, खुरांच्या वरचा सांधा जमिनीकडे बसलाय का. बसका सांधा तरुणपणी चालून जातो, पुढे तोच बोकड शेळीवर चढायला कुचराई करतो.

मग तोंड उघडा. खालचे दात वरच्या हिरडीच्या गादीला बरोबर टेकले पाहिजेत. जबडा पुढे किंवा मागे असलेला बोकड पाला नीट ओरबाडू शकत नाही आणि हा दोष पोरांत उतरतो. दातांवरून वयही कळतं : दोन कायमचे दात म्हणजे सव्वा-दीड वर्षाच्या आसपास, चार म्हणजे दोनच्या आसपास.

हात मागे न्या. दोन्ही गोळ्या खाली उतरलेल्या, सारख्या, हाताला घट्ट लागणाऱ्या हव्यात. एकच गोळी असेल तर बोकड फुकट मिळाला तरी पैदाशीला घेऊ नका. गोळ्यांचा घेर मोठा तेवढा चांगला. अशा नराच्या मुली लवकर वयात येतात असं गुरांत दिसून आलं आहे. बोकडालाही सडं असतात, तीही मोजा. दोन स्वच्छ सडं हवीत, जोडसड असेल तर मुलींच्या कासेत तेच येतं आणि करडाच्या तोंडात सड नीट बसत नाही.

सगळ्यात शेवटी आईला बघायला मागा. मालक "ती रानात गेली आहे" म्हणाला, तर संध्याकाळपर्यंत थांबा.

बिनशिंगी बोकड चांगला ना? मारत नाही, एकमेकांना इजा होत नाही.

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात महाग पडलंय.

माझ्याकडे एक भुंडा बोकड होता. शांत, भरीव, पोरं अंगावर बसायची. वाड्यात भुंड्या शेळ्याही पाच-सहा. मला वाटलं, सगळा कळपच भुंडा करू, गव्हाणीत भांडणं नकोत. दोन वर्षांनी लक्षात आलं की त्याच्या तीन पाटी अंगाने पुऱ्या झाल्या तरी माजावर येत नाहीत. चारा वाढवला, जंताचं औषध दिलं. शेवटी एक दिवस एकीला धरून शेपटी वर केली आणि उजेडात नीट पाहिलं. योनी होती, पण खालच्या टोकाला वाटाण्याएवढी गाठ बाहेर आलेली. मान बोकडासारखी जाड, आणि मुताला बोकडाचा दर्प. जनावर ना नर ना मादी.

शेळ्यांत बिनशिंगीपणाचं जनुक प्रभावी आहे, एका बाजूने आलं तरी शिंगं येत नाहीत. पण त्याच्याच जोडीला वांझपण बांधलेलं आहे. आई आणि बाप दोघेही भुंडे असले की चारात एका करडाला ते दोन्ही बाजूंनी मिळतं, आणि ते करडू मादी असेल तर ते असं मधलं निपजतं. म्हणजे अशा जोडीच्या मुलींतली चौथी मुलगी वाया. नियम एवढाच : जोडीतला एक तरी शिंगांचा हवा. भुंड्या शेळ्या ठेवा खुशाल, बोकड शिंगांचाच आणा.

गाईगुरांत बिनशिंगीपणाचं असं काही नाही, तिथे तो निर्धोक गुण आहे. गुरांवरचं वाचून शेळ्यांना लावायला गेलं की असं होतं.

आपल्याच वाड्यातला चांगला बोकड ठेवला तर?

त्याच्या आईवर, बहिणीवर गेला तर निपजणाऱ्या करडात रक्ताची पुनरावृत्ती २५ टक्के, सावत्र बहिणीवर साडेबारा. पहिला फटका दिसत नाही. करडू जरा हलकं, जरा मलूल, एखादी शेळी उलटते, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर येते. लोक पावसाला दोष देतात. बोकड दोन वर्षांनी बदला, त्याच्या मुली भरायच्या वयाला येण्याआधी. आणि बदली बोकड शेजारच्या वाडीतला नको, कारण तिथे तुमचाच जुना बोकड गेलेला असतो. ओढ्यापलीकडचा, दुसऱ्या पंचक्रोशीतला आणा. एका बोकडाला पंचवीस-तीस शेळ्या पुरे, कोवळ्याला त्याच्या निम्म्या.

जंतांना दाद न देणारी शेळी निवडता येते का?

येते, आणि कोकणात हा गुण वजनाइतकाच पैशाचा आहे. पावसाळ्यात शेळी मारतो तो पोटातला रक्त पिणारा जंत. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फामाचा नावाचा तक्ता निघाला : खालची पापणी उलटायची आणि आतला रंग एक ते पाच या पट्टीवर बघायचा. लालभडक म्हणजे एक, कागदासारखा पांढरा म्हणजे पाच. औषध फिकट पापणीच्यांनाच द्यायचं. सगळ्यांना सरसकट दिलं की जंतच औषधाला सरावतात आणि काटक शेळी कोणती ते कधीच कळत नाही.

आम्ही जून ते ऑक्टोबर दर पंधरवड्याला पापण्या बघतो, शक्यतो सकाळी, उजेडाकडे तोंड करून. एकाच पावसाळ्यात तिसऱ्यांदा औषध लागलेली शेळी दिवाळीनंतर विकायच्या यादीत जाते. तिच्या करडांतून बोकड ठेवत नाही, तो कितीही भरला तरी.

शेळ्या कधी भरवाव्यात?

गाभणकाळ १५० दिवस, चार-पाच दिवस इकडेतिकडे. मेच्या मध्यावर भरवली तर ऑक्टोबराच्या मध्यावर विते : पाऊस ओसरलेला, पाला भरपूर, करडाला ऊन. फेब्रुवारी-मार्चात भरवली तर करडं ऐन जुलै-ऑगस्टात, ओल्या वाड्यात. माज साधारण २१ दिवसांनी येतो आणि दीडएक दिवस टिकतो. सकाळी दिसला तर संध्याकाळी बोकड दाखवा. वर्षभर बोकड मोकळा सोडणाऱ्यांच्या वहीत बाप कोण ते कधीच लिहिलेलं नसतं.

वजनकाटा नाही. मग?

टेलरची टेप घ्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर २८ आणि लांबी २६ असेल तर ३१ किलोच्या जवळ. गाभण शेळीला आणि नुकतंच पोट भरून आलेल्या जनावराला हे चालत नाही.

ईदेच्या गिऱ्हाइकासाठी वेगळी पैदास करावी का?

वेगळी पैदास नको, वेगळी निगा हवी. बकरी ईदेला बोकड वर्षाचा पुरा, अंगाने निर्दोष लागतो. कान फाटलेला, डोळा गेलेला किंवा लंगडा चालत नाही. बरेच जण दोन दात बघूनच पैसे काढतात. त्या बाजारात रूपाला भाव आहे हे मान्य. पण तो बाजार वर्षातून एकदाच भरतो, आणि तारीख दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. त्या एका दिवसासाठी पैदाशीचा बोकड रूपावर निवडू नये.

वहीत लिहायचं काय?

आई, बाप, जन्मतारीख, किती झाली, तीन महिन्यांचं वजन, पापणीचा आकडा, आणि शिंगं आहेत की नाहीत. बस. मोबाइलवर ठेवायचं तर ठेवा. माझी वही दूध सोसायटीच्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांची आहे, वाड्यात खुंटीला टांगलेली.

तुमच्याकडे बोकड विकत मिळेल का?

मिळेल, पण मेमध्ये देत नाही. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडाला, सगळेच गुटगुटीत असतात. ऑगस्टात या, आईची पापणी स्वतः उलटून बघा, मग पैशाचं बोलू. येताना तुमच्या भुंड्या शेळ्या किती, ते मोजून या.